घर विकायचंय: किचनची शटर्स रंगवायची की बदलायची?

घर विकायला काढलं की किचनपाशी गाडी अडते. आतले कप्पे धडधाकट, पण शटर्स कळकट. रंग मारावा की नवी बसवावीत?

खर्चात रंग सरळसरळ स्वस्त. मेहनत मात्र सगळी रंगाआधीची. शटर्स उतरवा, शेगडीजवळचा चिकट थर साबणाच्या पाण्याने पूर्ण काढा, पॉलिश पेपरने घासा, मग प्रायमर. लॅमिनेट असेल तर गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमरच हवा, नाहीतर हँडलभोवती नखाने पापुद्रे निघतात. शिवाय ऑइल पेंट दिवसाभरात हाताला सुकला, तरी पुरता कडक व्हायला आठवडे घेतो.

नवी शटर्स बसवणं झटपट, पण बनून येईपर्यंत वाट बघावी लागते. बिजागरीच्या कपाचं (शटरमध्ये रुतणाऱ्या गोल वाटीचं) भोक बहुतेक 35 मिमीचं असतं, पण कडेपासूनचं अंतर जुन्या शटरवरूनच मोजून द्या.

टिकाऊपणात नवीच सरस. पण विकायच्या घरात पुढच्या पंधरा वर्षांची काळजी आपण का करायची?

सिंकखालचं शटर मात्र वाकून बघाच. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) पाण्याने फुगला असेल तर रंगाने काही झाकत नाही. चकचकीत रंगात फुगीर कड उलट जास्त डोळ्यांत भरते.

शटर्स सपाट, कोरडी आणि हाताशी महिनाभर असेल तर रंगवा. बहुतेक कडा फुगल्या असतील तर बदला. एक-दोनच खराब असतील तर तेवढीच नवी करून सगळी एका रंगात रंगवा.