मेडिकेअरचं वसुली पोर्टल : नर्सिंग होमच्या दाव्यात कितपत कामाचं?

अमेरिकेत नर्सिंग होमच्या हलगर्जीपणाचा दावा तडजोडीने मिटला, की रकमेतून वकिलाची फी आणि दाव्याचा खर्च वजा होतो. शिवाय दुखापतीच्या उपचारांवर मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) केलेला खर्च सरकार परत मागतं. तो हिशोब पाहायला आणि त्यावर हरकत घ्यायला ‘मेडिकेअर सेकंडरी पेयर रिकव्हरी पोर्टल’ आहे. ते फुकट आहे आणि टपालाने कागद पाठवत बसण्यापेक्षा खूप बरं. मात्र त्यावरचा आकडा न तपासता मान्य करू नये.

रुग्ण स्वतःच्या मेडिकेअर खात्यातून आत जाऊ शकतो. वकिलाला प्रतिनिधित्वाचा पुरावा जोडावा लागतो. नुसतं माहिती देण्याचं संमतीपत्र जोडलं तर वकिलाला माहिती मिळते, पण रुग्णाच्या वतीने हरकत घेता येत नाही. दिवस वाया जाण्याचं हे नेहमीचं कारण.

खरं काम बिलांच्या यादीत असतं. घटनेची जी तारीख नोंदवली जाते, तिच्यापासूनची बिलं गोळा होतात. बेडसोरच्या (अंथरुणाला खिळून राहिल्याने होणाऱ्या जखमेच्या) दाव्यात जखम पहिल्यांदा नोंदली गेली ती तारीख न देता नर्सिंग होममध्ये दाखल झाल्याची तारीख दिली, तर आधीचे असंबंधित उपचारही यादीत शिरतात. निदानाचा कोड पाहत एकेक ओळ तपासा. जखमेतून झालेल्या सेप्सिसचं (शरीरभर पसरलेल्या जंतुसंसर्गाचं) रुग्णालयाचं बिल यादीत राहणार. मोतीबिंदू, मधुमेहाची नेहमीची तपासणी निघायला हवी. हरकतीसोबत डॉक्टरांच्या नोंदी जोडा, नुसतं ‘संबंध नाही’ लिहून भागत नाही.

आता फी. दावा यशस्वी झाला तरच फी, अशा करारात साधारण एक तृतीयांश, आणि खटला दाखल झाल्यावर ४० टक्क्यांपर्यंत घेतात. काही राज्यांत कायद्याने मर्यादा आहे. या खर्चाचा वाटा मेडिकेअरही उचलते, हे अनेक कुटुंबांना कुणी सांगतच नाही. समजा तडजोड २,००,००० डॉलरची, फी ८०,००० आणि खर्च १०,०००. म्हणजे ४५ टक्के. मेडिकेअरची मागणी ३०,००० असेल तर तीही ४५ टक्क्यांनी घटून १६,५०० वर येते. त्याआधी ८,००० ची असंबंधित बिलं काढली असती तर १२,१०० वरच आली असती. म्हणून हरकत आधी, तडजोडीची माहिती नंतर. ही माहिती भरताना फी आणि खर्च दोन्ही लिहा; रकाना रिकामा राहिला तर ती सूट हातची जाते.

तडजोडीआधी अंतिम आकडा मागण्याची सोय पोर्टलचा सर्वात चांगला भाग, आणि सर्वात कडकही. आकडा मागितल्यावर ३ दिवसांत तडजोड व्हावी लागते आणि ३० दिवसांत तिची माहिती द्यावी लागते. समोरच्या विमा कंपनीची सही तयार नसेल तर ते बटण दाबूच नका. अंतिम मागणीपत्र आल्यावर ६० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर व्याज पत्राच्या तारखेपासून धरलं जातं. अपिलाला १२० दिवस मिळतात, पण अपील केलं म्हणून व्याज थांबत नाही.

मोठी उणीव अशी, की इथे फक्त मूळ मेडिकेअरचा खर्च दिसतो. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज (खासगी कंपन्यांमार्फत मिळणारं मेडिकेअर) योजना आणि पार्ट डी या औषध विम्याचा हिशोब त्या त्या कंपनीकडून लेखी मागवावा लागतो. पोर्टलवर शून्य दिसलं म्हणून पैसे वाटून मोकळं होणं धोक्याचं आहे.

नर्सिंग होममधल्या दीर्घकाळच्या मुक्कामाचा खर्च बहुतेकदा मेडिकेडने (कमी उत्पन्नवाल्यांसाठी राज्यं चालवतात तो सरकारी विमा) केलेला असतो, आणि तोही इथे नसतो. त्यासाठी राज्याच्या कार्यालयाशी वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या अहलबॉर्न निकालानुसार राज्याला तडजोडीतल्या वैद्यकीय खर्चाच्या वाट्यावरच हात ठेवता येतो. २०२२ च्या गॅलार्डो निकालाने त्या वाट्यात भविष्यातला वैद्यकीय खर्चही धरायला मुभा दिली. तेव्हा वेदना, त्रास आणि उपचार यांची विभागणी करारात आकड्यांनिशी आणि पुराव्यासह लिहून घ्या. रुग्ण हयात असेल तर पैसे खात्यात जमा होण्याआधीच ते ट्रस्टमध्ये ठेवण्याबाबत सल्ला घ्या, कारण अनेक राज्यांत २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक दिसली की मेडिकेडची पात्रताच जाऊ शकते.