तेल, तूप, बटर की मार्गारीन: घरात नक्की काय आणायचं?

बाटलीवर हार्टचं चित्र आणि 'झिरो कोलेस्टेरॉल' बघून तेल घेत असाल तर थांबा, कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती तेलात नसतं, त्यामुळे त्याचे जास्त पैसे कशाला द्यायचे. कॅलरीचंही तसंच, एका ग्रॅमला 9, मग ते घाण्याचं असो नाहीतर महागडं ऑलिव्ह.

खरा फरक सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे तुपासारखं घट्ट होणाऱ्या फॅटचा, कारण त्यानेच एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. करडई, सूर्यफूल साधारण 10 टक्क्यांच्या आसपास, सोयाबीन 15, शेंगदाणा 17 ते 20, पाम जवळपास 50, तूप 60 च्या वर आणि खोबरेल तर 80 च्याही वर. हो, खोबरेल तुपाच्या पुढे आहे, व्हॉट्सअॅपवर काका काहीही फॉरवर्ड करोत. सोलकढी, आमटीत नारळ घालणं वेगळं आणि सगळा स्वयंपाक खोबरेलात करणं वेगळं.

मग सगळ्यात कमीवालं करडई बेस्ट का? फोडणीला, भाजीला हो. पण त्यात आणि साध्या सूर्यफुलात पॉलीअनसॅच्युरेटेड (पातळच राहणारं, नाजूक फॅट) जास्त, ते सारखं तापवलं की लवकर खराब होतं, म्हणून तळणीला मी शेंगदाणाच घेईन, तोही रिफाइंड, कारण घाण्याच्या तेलाला धूर लवकर येतो. घाण्याचं तेल चटणीवर, ठेच्यावर कच्चं घ्या, वास काय भारी येतो! पण ते घाण्याचं आहे म्हणून दोन पळ्या जास्त चालतं असं नाही, फॅट तेवढंच. सोयाबीन आणि मोहरीत ओमेगा-3 हे शरीराला लागणारं चांगलं फॅट थोडं मिळतं जे शेंगदाण्यात जवळजवळ नाहीच, त्यामुळे महिन्याआड तेल बदललं तर उत्तम. मोहरीचा वास आपल्याकडे बऱ्याच घरात चालत नाही, तिथे सोयाबीन.

तूप विरुद्ध बटर: तूप म्हणजे जवळपास 100 टक्के फॅट, बटर 80 आणि बाकी बहुतेक पाणी, वर पिवळ्या बटरमध्ये मीठ, म्हणजे बीपीवाल्यांनी जपून. वरणभातावर चमचाभर तूप कोणी सोडू नका, पण तूप सात्त्विक म्हणून पोळी, भात, शिरा सगळ्यात ओतायचं हे नको. आणि लोणी घरचं असलं तरी आत दुधाचंच फॅट, त्याला वेगळा नियम नाही.

आता मार्गारीन, म्हणजे वनस्पती तेलापासून बनवलेलं बटरसारखं. डालडाच्या जमान्यात वनस्पती तुपात ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारं फॅट, भरपूर असायचं, ते तर बटरपेक्षाही वाईट. जानेवारी 2022 पासून एफएसएसएआयने (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) तेल, वनस्पती तूप, मार्गारीनमधल्या अशा ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आणलीय, त्यामुळे आताचं मार्गारीन तेव्हाइतकं वाईट नाही, पण बऱ्याच डब्यात पामच असतं, मागचं लेबल वाचा. पाम पहिल्या नंबरला असेल तर हेल्दी म्हणून घेण्यात काय पॉइंट? त्यापेक्षा पावभाजीला खरं बटर घाला, फक्त मोजून.

मोजून म्हणजे किती तर बैठं काम करणाऱ्याला तेल, तूप, बटर सगळं धरून दिवसाला 20 ते 25 ग्रॅम, म्हणजे साधारण पाच छोटे चमचे. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला तीन किलोच्या आत बसायला पाहिजे, पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर ब्रँड बदलून काही होणार नाही, कढईत पळी कमी करा.