एनव्हिडिया की बुटेरिन? एआयमधल्या पीएचडीसाठी दोन फेलोशिप

एनव्हिडियाची ग्रॅज्युएट फेलोशिप ६०,००० डॉलरपर्यंत मिळते. आकडा घसघशीत आहे, पण अर्ज करायला पीएचडीचं निदान पहिलं वर्ष पूर्ण झालेलं लागतं आणि फेलोशिपचं वर्ष सुरू होण्याआधी कंपनीत इंटर्नशिप करावी लागते. या फेलोशिपचा खरा फायदा या इंटर्नशिपमध्येच आहे, आणि अडचणही तीच. त्याच काळात पात्रता परीक्षा किंवा गाइडच्या प्रोजेक्टची डेडलाइन आली, तर ओढाताण ठरलेली. परदेशी विद्यार्थ्याला कामाची वेगळी परवानगी लागू शकते, तेव्हा निकालाची वाट न पाहता विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात आधीच विचारून ठेवावं.

फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेची, इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक बुटेरिन यांच्या नावाची पीएचडी फेलोशिप अगदी वेगळ्या वळणाची आहे. ट्यूशन आणि इतर फी पाच वर्षांपर्यंत. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडात वर्षाला ४०,००० डॉलर स्टायपेंड, बाकी देशांत तिथल्या मानाने. नव्याने पीएचडी सुरू करणाऱ्यालाही अर्ज करता येतो. विषय मात्र अरुंद आहे: एआयमुळे मानवजातीच्याच अस्तित्वावर बेतू शकेल असे धोके. मॉडेलची अचूकता वाढवणाऱ्या कामाला शेवटच्या परिच्छेदात ‘सुरक्षितता’ चिकटवली, तर ते ठिगळ लगेच दिसतं. आपलं काम नेमका कोणता धोका कसा कमी करतं, हे पहिल्या पानावरच यायला हवं.

शिवाय बुटेरिन फेलोशिपमध्ये प्रवास, कॉम्प्युट (मॉडेल चालवायला लागणारी संगणन-क्षमता) वगैरेंसाठी १०,००० डॉलरचा निधी आहे. तो भरपूर वाटतो, म्हणून हिशोब करून पाहा. मॉडेलला प्रशिक्षण देताना ८ जीपीयू (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिप) सलग १० दिवस चालवले तर १,९२० जीपीयू-तास होतात. ताशी २ डॉलर भाडं धरलं तर अशा एका फेरीला, म्हणजे रनला, ३,८४० डॉलर. लर्निंग रेट (मॉडेल किती वेगाने शिकतं त्याचं सेटिंग) चुकला, लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) मध्येच भरमसाट वाढला, की पुन्हा पहिल्यापासून. असे दोन रन झाले की तिसरा सहा दिवस चालेल आणि पैसे संपतील. कॉन्फरन्सचं तिकीट अजून काढलेलंच नाही! त्यामुळे आधी लहान मॉडेलवर सेटिंग पक्कं करावं, चेकपॉइंट (प्रशिक्षणाची मधली स्थिती) नियमित साठवावेत आणि प्रपोजलमध्ये फसलेल्या रनचाही खर्च धरावा.

अ‍ॅपलच्या एआय-एमएल (एमएल म्हणजे मशीन लर्निंग) स्कॉलर्स या पीएचडी फेलोशिपसाठी मात्र थेट अर्ज करता येत नाही. कंपनीने बोलावलेली विद्यापीठंच नावं पाठवतात. अशा ठिकाणी विभागाची अंतर्गत मुदत बाहेरच्या मुदतीच्या बरीच आधी संपते, आणि अनेकांची संधी तिथेच हुकते.

अनुभव कच्चा असेल पण प्रश्न धोक्यांचाच असेल, तर बुटेरिन. जीपीयू, सिस्टिम्स, ग्राफिक्स किंवा रोबोटिक्समध्ये हात बसला असेल, तर एनव्हिडिया. शिफारसपत्रं दोन्हीकडे लागतात. ‘हुशार आणि मेहनती’ एवढंच लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. पत्र देणाऱ्याला निदान महिनाभर आधी प्रपोजलचा मसुदा आणि आपण स्वतः लिहिलेला कोड किंवा सोडवलेला नेमका प्रश्न, असं अर्ध्या पानाचं टिपण द्यावं.