कपलिंगचे बोल्ट आवळून दाखवलेलं अलाइनमेंट

दिवाळे, करावे, सारसोळे, वाशी, ज्यांची ज्यांची मशीनची (इंजिनची) होडी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. पावसाळी बंदीत मशीन नाहीतर गिअर बॉक्स उघडणारे बरेच असतात. काम संपलं की बिलात ‘शाफ्ट अलाइनमेंट’ अशी एक ओळ येते, म्हणजे गिअर बॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट (दांडा) एका सरळ रेषेत बसवणं. त्या ओळीचे आमच्याकडून साडेआठ हजार घेतले. काम झालंच नव्हतं. त्यापायी पुढे जो खर्च झाला, तो वेगळाच.

होडी वडील आणि धाकटा भाऊ चालवतात. डिझेल, कागद, बिलं माझ्याकडे. गिअर बॉक्स रिव्हर्सला घसरायला लागला होता. १ जूनला बंदी लागली, उधाणाच्या भरतीला होडी वर ओढली आणि बॉक्स उतरवून तुर्भ्याच्या बाजूच्या एका वर्कशॉपला दिला. क्लच प्लेटी बदलल्या, बेअरिंग बदललं. ते काम चोख होतं, खोटं का बोलू? खोट आली ती बॉक्स परत बसवताना.

बॉक्सची फ्लँज (टोकाची गोल चकती) आणि शाफ्टची फ्लँज समोरासमोर, मधे बोल्ट. या जोडाला कपलिंग म्हणतात. मिस्त्रीने वडिलांना हाक मारून जवळ बोलावलं, फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या जुडीची) सगळ्यात पातळ पाती कपलिंगच्या फटीत घालायचा प्रयत्न केला. जाईना. ‘बघा शेठ, पातीसुद्धा शिरत नाही, एकदम झकास लाइन.’ वडिलांनी बघितलं, भावाने फोटो काढला. आज तोच फोटो आमच्या कामी येतोय, कारण त्यात कपलिंगचे सगळे बोल्ट करकचून आवळलेले दिसतात. बोल्ट आवळल्यावर दोन्ही फ्लँज एकमेकींवर ओढल्या जातात आणि फट दिसत नाही. लाइन चुकलेली असली तर तिचा ताण शाफ्टवर, मागच्या बुशवर (ज्या नळीत शाफ्ट फिरतो) आणि बॉक्सच्या बेअरिंगवर जाऊन बसतो. बाहेरून सगळं सरळ.

होडी पाण्यात गेली आणि मधल्या रेसला पायाखाली थरथर सुरू झाली. ग्लँडला, म्हणजे शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाला, हात लावला तर चटका. पाणी थेंबाथेंबाने यायचं तिथे धार लागली. पुढे बॉक्सच्या मागच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं. या सगळ्या खुणा एकत्र दिसल्या तर आधी लाइन तपासतात, हे मला आता कळतं. मिस्त्री मात्र दर वेळी नवीन कारण घेऊन यायचा. आधी ग्लँडची दोरी जुनी, मग बुश खाल्लाय, मग सील हलका निघाला. शेवटी म्हणाला, शाफ्टच वाकलाय, लेथवर सरळ करून आणतो. त्यासाठी होडी पुन्हा वर ओढावी लागली, ऐन धंद्याच्या दिवसांत. शाफ्ट परत आला, बिल आलं, लेथवाल्याची चिठ्ठी काही आली नाही. किती वाकला होता, वाकडेपणा मोजायच्या डायलवर किती दाखवलं, विचारलं तर ‘ते सगळं आम्ही बघितलं’. थरथर तशीच. मग त्याने रबरी कपलिंग गळ्यात मारायला सुरुवात केली. रबरी कपलिंगने हादरे कमी होतात, चुकलेली लाइन सुधारत नाही. पण तो माल महागाचा.

तिथे आम्ही थांबलो आणि करंज्याहून वडिलांच्या ओळखीचे एक जुने फिटर बोलावले. सकाळी आले तेव्हा ओहोटी होती, होडी गाळात एका कुशीवर कललेली. त्यांनी पाना पिशवीतून काढलासुद्धा नाही. ‘होरी तरंगू दे. गालात कसली लाइन बघतंस?’ होडीची कूस जमिनीवर एक आकार धरते, पाण्यात दुसरा. लाकडी होडी महिनाभर सुकलेली असेल तर पाण्यात एक-दोन दिवस राहून फुगल्यावरच तिचा खरा आकार येतो. जमिनीवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे फक्त कच्चं काम, पक्कं पाण्यातच करायचं. आमच्या बिलावरची तारीख होडी वर असतानाची आहे, एवढ्यावरूनच काय ते समजा.

भरती आल्यावर त्यांनी टाकीत नेहमीइतकं डिझेल आहे ना, जाळी जागेवर आहेत ना ते पाहिलं, आणि कपलिंगचे सगळे बोल्ट काढले. काढताक्षणी शाफ्टची फ्लँज खाली बसली. शाफ्टचं सुटं टोक वजनाने थोडं लोंबतंच, म्हणून त्यांनी ते दोरीने उचलून धरलं. तरीही दोन फ्लँजचे गोल जुळेनात. हाताने सरकवून एका फ्लँजची जी खाच दुसरीत सहज बसायला हवी, ती बसत नव्हती. कशीबशी बसवून, बोल्ट न लावता, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे गेज घातला. नियम असा की फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढीच फट चालते. आमची फ्लँज ५ इंची, म्हणजे ५ थाउ, जेमतेम ०.१३ मिलिमीटर. वर पाती शिरेना आणि खाली २८ थाउची पाती आरामात गेली.

मग त्यांनी बॉक्सची फ्लँज तशीच ठेवून शाफ्ट अर्धा फेरा फिरवला. फट शाफ्टबरोबर फिरून वर आली असती, तर शाफ्ट वाकडा नाहीतर त्याची फ्लँज वाकडी. फट खालीच राहिली. म्हणजे दोष मशीनच्या बैठकीचा, आणि शाफ्ट सरळ करण्याचे पैसे कशाचे घेतले, हा प्रश्न उरला.

खरी चिडवणारी गोष्ट त्यानंतर दिसली. मशीनच्या मागच्या दोन्ही पायांच्या नटांवर गेल्या वर्षीचा निळा रंग होता, कुठेही न तडकलेला. पाना लागला असता तर रंग उडाला असता. अलाइनमेंट करायचं म्हणजे मशीनच हलवायचं असतं: पायांखाली शिम (पातळ पत्रे) घालून वरखाली, मग ढकलून डावं-उजवं. आमचं मशीन केसभरही हललेलं नव्हतं.

शिम घालून मागची बाजू उचलली. पाय आवळले की माप पुन्हा बदलतं, म्हणून प्रत्येक आवळणीनंतर गेज. दुपार त्यातच गेली. ४ थाउवर आणून त्यांनी मापं वहीत लिहून दिली आणि सांगितलं, थोडे दिवस चालवून परत एकदा बघून घ्या. थरथर गेली.

तेव्हा कोणाचंही काम असो, पाण्यात, बोल्ट सुटे असताना, तुमच्यासमोर चारही बाजूंची मापं घ्यायला लावा आणि ती बिलावर लिहून मागा. काम सुरू व्हायच्या आधी मशीनच्या पायांच्या नटांचे फोटो काढून ठेवा. ‘शाफ्ट वाकलाय’ म्हटलं की अर्धा फेरा फिरवून दाखवा म्हणायचं. नाही म्हणाला तर शाफ्ट काढूच देऊ नका.

वर्कशॉपवाल्याकडे गेलो तेव्हा उत्तर मिळालं, ‘समुद्रात होडी हलते, लाइन बिघडणारच.’ रंगाचा फोटो दाखवल्यावर पुढची सर्व्हिस फुकट देतो म्हणाला. ती नको म्हणून सांगितलं. धंद्याची होडी असली तरी स्वतः राबून पोट भरणाऱ्याला ग्राहक कायद्यात जागा आहे. १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रारीची मुदत २ वर्षांची. आम्ही बिलं, दोन्ही फोटो आणि करंज्याच्या फिटरची मापं जोडून नोटीस पाठवली आहे. लेथवाल्याची चिठ्ठी त्यात लेखी मागितली आहे.