जर्मनीत पब्लिक की प्रायव्हेट इन्शुरन्स? सही करायच्या आधी हे बघा

जर्मनीत नोकरी पक्की झाली की एचआरच्या मेलमधे एक प्रश्न हमखास असतो, हेल्थ इन्शुरन्स पब्लिक घेणार का प्रायव्हेट, आणि लवकर कळवा. इथेच बरेच जण गडबडतात, कारण पब्लिक म्हटलं की सरकारी दवाखाना आणि त्याच्या बाहेरची लाइन डोळ्यासमोर येते. तसं काही नाहीये. डॉक्टर बहुतेक तेच, हॉस्पिटलं तीच, फरक एवढाच की तुमचं बिल कोण भरतं आणि त्यासाठी तुमच्याकडून पैसे कुठल्या हिशोबाने घेतं. टीके, एओके, बार्मर वगैरे पब्लिक विमा देणाऱ्या क्रांकेनकासे (थोडक्यात कासे) म्हणजे सरकारी खाती नव्हेत, स्वतंत्र संस्था आहेत, फक्त कायद्याने घट्ट बांधलेल्या. पद्धत बिस्मार्कच्या काळातली, १८८३ पासूनची, आणि आजही दहातले जवळपास नऊ लोक यातच आहेत.

मुळात तुम्हाला चॉइस आहे का ते आधी बघा. नोकरदार माणसाला प्रायव्हेटमधे जायचं तर वर्षाचा ग्रॉस पगार एका रेषेच्या वर लागतो, ती २०२५ ला ७३,८०० युरो होती आणि २०२६ ला ७७,४०० झाली. खाली असाल तर विषय संपला, पब्लिकच. जेमतेम वर असाल तर अजून एक गंमत, पुढच्या वर्षी रेषा पगाराच्या वर सरकली की तुम्ही परत पब्लिकमधे ओढले जाता, नको असेल तर तीन महिन्यांत अर्ज करून सूट घ्यावी लागते. स्टुडंट असाल आणि तिशीच्या आत, तर पब्लिकचा स्वस्त स्टुडंट रेट मिळतो. थोडे युरो वाचतात म्हणून सुरुवातीला प्रायव्हेट घेऊन पब्लिकमधून सूट घेतली तर शिक्षण संपेपर्यंत परतीचा रस्ता बंद, हे मात्र सही घेताना कोणी सांगत नाही.

आता पैसे. पब्लिकमधे हप्ता पगाराच्या टक्क्यात, १४.६ टक्के मूळ आणि वर प्रत्येक कासेचा आपापला जादा आकार, त्याची २०२६ ची सरासरी २.९ टक्के, आणि या सगळ्यातला अर्धा भाग कंपनी भरते. वर्षाला ६९,७५० युरोच्या पुढचा पगार हिशोबात धरत नाहीत, म्हणजे कितीही कमावलं तरी तुमच्या खिशातून महिन्याला साधारण ५०८ युरोच्या आसपासच जातात (केअर इन्शुरन्स, म्हणजे पुढे देखभालीची गरज पडली तर त्याचा विमा, वेगळा, तो दोन्हीकडे लागतो). प्रायव्हेटमधे पगार कोणी विचारत नाही, तिथे वय, तब्येत आणि प्लॅन. अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट माणसाला हप्ता बऱ्यापैकी कमी बसू शकतो, वर कंपनी तिथेही अर्धा देते, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, आणि ब्रोकर नेमका हाच आकडा स्क्रीनवर मोठा करून दाखवतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा, अशी एक पॉलिसी विकली की कमिशन नऊएक महिन्यांच्या हप्त्यांएवढं मिळू शकतं.

पण लग्न झालं की गणित फिरतं. पब्लिकमधे नोकरी न करणारा नवरा किंवा बायको आणि मुलं तुमच्याच हप्त्यात फुकट. प्रायव्हेटमधे प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. आणि एक खाच अशी की दोघंही कमावतात, एक पब्लिकमधे, एक प्रायव्हेटमधे, आणि प्रायव्हेटवाल्याचा पगार त्या ७७,४०० च्या रेषेच्या वर आणि जोडीदारापेक्षा जास्त, तर मुलांना पब्लिकमधे फुकट घेत नाहीत, त्यांचे पैसे भरावे लागतात. हे मला ओळखीतल्या एका जोडप्याकडून कळलं, त्यांना ते बाळ झाल्यावर कळलं. आईबाबांना इकडे आणायचं असेल तर त्यांना या फुकट फॅमिली कव्हरमधे घेता येत नाही, त्यांचं बघायचं ते वेगळं.

प्रायव्हेट खरंच कुठे भारी आहे तर अपॉइंटमेंटमधे. क्लिनिकला फोन केला की पहिल्या दोन प्रश्नांत एक असतोच, गेझेत्सलिश का प्रिवाट, म्हणजे पब्लिक का प्रायव्हेट, आणि उत्तरावर तारीख ठरते. स्किनच्या डॉक्टरसाठी मला पब्लिकवर अडीच महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती, प्रायव्हेटवाल्या कलीगला त्याच आठवड्यातली. कारण साधं, प्रायव्हेट पेशंटला डॉक्टर वेगळ्या दरपत्रकाने बिल लावतात, नेहमीच्या कामाला २.३ पट दर लावणं अगदी कॉमन आहे. पब्लिकवाल्यांनी हताश व्हायचं कारण नाही, फॅमिली डॉक्टरकडून कोड असलेली तातडीची चिठ्ठी घ्या आणि ११६११७ ला फोन करा, ते स्पेशालिस्टची वेळ शोधून देतात, फक्त डॉक्टर आपल्या पसंतीचा मिळेल असं नाही. इमर्जन्सीत ११२, तिथे कार्ड कुठलं हे बघून नंबर लागत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे कागद. पब्लिकमधे कार्ड दाखवलं की झालं, औषधाला ५ ते १० युरो, हॉस्पिटलात दिवसाला १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. प्रायव्हेटमधे डॉक्टरचं बिल घरी येतं, बऱ्याचदा आधी तुम्ही भरायचं आणि मग क्लेम करायचा, आणि प्लॅनमधे जेवढी रक्कम स्वतः सोसायची ठरली असेल तेवढी गेलीच. हप्ता स्वस्त दिसतो तो बऱ्याच वेळा ह्या रकमेमुळेच.

लांब आजारपणाचं कोणी बोलत नाही. पहिले सहा आठवडे पगार कंपनी देते, दोन्हीकडे सारखंच. त्यानंतर पब्लिकवाल्या नोकरदाराला कासे ग्रॉसच्या ७० टक्क्यांपर्यंत पैसे देते, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत, पहिले सहा आठवडे त्यातच धरून. प्रायव्हेटमधे हे कव्हर प्लॅनमधे वेगळं घातलं असेल तरच.

आणि तब्येत. पब्लिकमधे डायबेटिस, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, काहीही असलं तरी हप्ता तोच. प्रायव्हेटमधे फॉर्मवर सगळं लिहायचं, मग ते जादा पैसे मागतात किंवा सरळ नाही म्हणतात. लपवायच्या भानगडीत पडू नका, नंतर सापडलं तर पॉलिसी रद्द होऊ शकते.

परत पब्लिकमधे यायचं असेल तर पगार रेषेखाली जायला हवा किंवा नोकरी सुटून बेरोजगार भत्ता चालू व्हायला हवा, आणि पंचावन्नच्या पुढे दार जवळपास बंदच. तोवर वयामुळे आणि महागाईमुळे हप्ता वाढलेला असतो, पेन्शनमधे तो भरणं सोपं नाही.

माझं मत विचाराल तर एकटे आहात, पगार भरपूर वर, तब्येत ठणठणीत आणि चारपाच वर्षांत परत जायचं नक्की, तर प्रायव्हेट घ्या, चांगलंय. पण "बघू, राहू कदाचित" असं असेल तर पब्लिक. मी पब्लिकमधे आहे आणि वर फक्त दातांचं वेगळं कव्हर घेतलंय, कारण दातांच्या कामात पब्लिक हात आखडता घेतं.

तरी ब्रोकरला भेटणार असाल तर त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी मागा, याच प्लॅनचा हप्ता गेल्या दहा वर्षांत कसा वाढला, बायको आणि दोन मुलं धरून एकूण किती, आणि स्वतः सोसायची रक्कम किती. मी मागितल्या होत्या. पहिल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.