ब्रिस्टल बेच्या मासेमारी लॉजची सामान-यादी: एक परीक्षण

अलास्काच्या नैऋत्येस ब्रिस्टल बेच्या परिसरात गळाने मासे पकडण्यासाठी येणाऱ्यांची जी लॉज आहेत, त्यांपैकी बहुतेकांपर्यंत रस्ता जातच नाही. अँकरेजहून विमानाने किंग सॅमन किंवा डिलिंगहॅम गाठायचे आणि तिथून पाण्यावर उतरणाऱ्या फ्लोटप्लेनने पुढे जायचे, असा हा प्रवास असतो. घरी राहिलेली वस्तू विकत घेण्यासाठी पुढे दुकान नसल्यामुळे, आरक्षणानंतर लॉजकडून येणारी सामानाची यादी हा त्या सेवेचा महत्त्वाचा भाग ठरतो. सिअ‍ॅटलहून मी आणि पुण्याहून आलेले माझे मेहुणे जुलैमध्ये अशाच एका लॉजवर राहिलो. तिथले जेवण, मार्गदर्शक आणि मासे यांबद्दल तक्रारीला जागा नाही. हे परीक्षण फक्त त्या यादीचे आणि लॉजने वापरायला दिलेल्या साहित्याचे आहे. अशा याद्या थोड्याफार फरकाने सगळीकडे सारख्याच असतात, त्यामुळे लॉजचे नाव देण्याचे कारण नाही.

वजनाविषयीचे पहिले पान सर्वांत चांगले लिहिलेले आहे. माणशी ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो, आणि त्यात हातातली पिशवी, कॅमेरा, एवढेच नव्हे तर गळाच्या काठ्यांची नळीसुद्धा धरलेली. आम्हाला नेणारे विमान डी हॅविलंड बीव्हर होते. कॅनडात १९४७ ते १९६७ या काळात तयार झालेली ही एक इंजिनाची विमाने अलास्कात अजूनही रोजच्या कामाला आहेत, आणि त्यांचा वैमानिक माणसे, सामान व इंधन यांच्या वजनाची बेरीज केल्याशिवाय धक्का सोडत नाही. धक्क्यावर काटा ठेवलेला असतो. त्यावर पिशवी चढते, मग संकोच न करता माणूसही चढतो, आणि त्या आकड्यांवरून कोणी कुठे बसायचे ते ठरते. पिशवी मऊ हवी, चाके किंवा कडक चौकट चालणार नाही, असे यादीत ठळक अक्षरांत बजावलेले आहे. मेहुण्यांना तो नुसता उपचार वाटला होता. त्यांची चाकांची बॅग धक्क्यावरच्या कार्यालयात मुक्कामाला राहिली आणि कपडे दोन कापडी पिशव्यांतून पुढे गेले.

या पानावर एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. येताना जे सामान २३ किलो भरते, ते परतताना तेवढेच भरत नाही, कारण बूट, वेडर (पाण्यात उभे राहण्यासाठी घालायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) आणि जाकीट ओले असतात आणि तिथल्या हवेत एका रात्रीत काही वाळत नाही. निघतानाच दोन-तीन किलोची जागा मोकळी ठेवावी, ही सूचना यादीत हवी होती.

कपड्यांच्या बाबतीत यादी थोडक्यात आटोपते: सुती काही आणू नका, थरांवर थर घाला, रेनकोट आणा. पहिल्या दोन सूचना योग्य आहेत. भिजलेला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो, तर मेरिनो लोकरीचा आतला थर ओला झाला तरी बऱ्यापैकी उबदार राहतो. तिसरी सूचना अपुरी आहे, आणि सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या माणसाची तर ती दिशाभूलच करते. आपल्याकडचा पाऊस कितीही झोडपणारा असला तरी बोचणारा नसतो, आणि चढावर चालणाऱ्याला भिजण्याचे फारसे काही वाटत नाही. इथे जुलैतही दिवसाचे तापमान पुष्कळदा १० ते १५ अंशांच्या आसपास असते, आणि त्या हवेत उघड्या बोटीत बसून वेगाने नदी कापायची असते. ट्रेकला नेतो ते लांब जाकीट कमरेच्या पाण्यात उभे राहिल्यावर खालून भिजते, आणि काठी वर धरली की पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरते. म्हणून जाकीट आखूड, मनगटाशी घट्ट आवळता येणारे आणि टोपीवरून डोक्यावर घेता येईल इतक्या मोठ्या हुडाचे असावे. हे चार शब्द यादीत असते तर मेहुण्यांचा पहिला दिवस सुखाचा गेला असता.

वेडर आणि बूट लॉजकडून मिळतात. वेडर उत्तम होते, एकही गळका निघाला नाही. बुटांचे माप मात्र आधी कळवूनही ऐन वेळी जवळपासचे मिळाले. जाड मोज्यांवर आणि वेडरच्या पायमोज्यावर बूट चढवायचा असल्यामुळे तो नेहमीपेक्षा एक माप मोठा लागतो, हे ध्यानात घेऊन ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतःचेच न्यावेत. नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, तळव्यांचे बूट चालणार नाहीत असे यादी सांगते, पण कारण देत नाही. ओला नमदा लवकर वाळत नाही आणि त्यातून डिडिमोसारखी शेवाळे व माशांच्या रोगांचे जंतू एका नदीतून दुसरीत जाऊ शकतात, या भीतीने अलास्काने २०१२ साली गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी अशा तळव्यांवर बंदी आणली होती. राज्याचे नियम बदलत असतात, ते त्या वर्षीचे पाहावेत. या लॉजचा आग्रह तरी रबरी तळव्यांचाच आहे.

डासांसाठी ‘डीट असलेले मलम’ एवढेच लिहिले आहे. डीट हे डास दूर ठेवणारे रसायन डासांवर चालते यात शंका नाही, पण ते प्लॅस्टिकही विरघळवते. मेहुण्यांच्या चष्म्याच्या काडीवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला आहे, आणि तसाच हात फ्लायच्या (गळावर बांधलेल्या कृत्रिम किड्याच्या) दोरीला लागला की तिचे आवरण चिकट होते. पिकारिडिन या दुसऱ्या डासरोधकाचे मलम हे नुकसान करत नाही. डोक्यावरून घ्यायची जाळी तर यादीत ‘ऐच्छिक’ आहे. वारा पडल्यावर डास आणि तिथल्या चावऱ्या काळ्या माश्या काय करतात हे पाहिलेला माणूस तिला ऐच्छिक म्हणणार नाही. पोलराइज्ड चष्म्याचेही तेच. पाण्याखालचा मासा दिसण्यासाठी तो लागतोच, शिवाय वाऱ्याने भरकटलेला गळ डोळ्यात जाऊ नये म्हणूनही लागतो.

अस्वलांविषयीचा भाग चोख आहे. शेजारच्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातच दोन हजारांहून अधिक तपकिरी अस्वले आहेत, त्यामुळे ही काळजी वरवरची नव्हे. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानातून नेता येत नाही. तो लॉज देते आणि फ्लोटप्लेनमध्ये तो प्रवाशांबरोबर न ठेवता तरंगत्या पायांमधल्या कप्प्यात ठेवतात. खोलीत खाण्याची कोणतीही वस्तू ठेवायची नाही, हाही नियम आहे. आमचे मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ताब्यात गेली. पुढे रोज सकाळी भाताबरोबर ती मागून घ्यावी लागली, आणि शेवटी शेवटी आचारीच चटणी अंड्यांवर भुरभुरू लागला.

यादीचा सर्वांत मोठा दोष हा की ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकच आहे. ब्रिस्टल बेमध्ये जगातला सर्वांत मोठा सॉकाय सॅमनचा लोंढा येतो आणि तो साधारणपणे जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऐन भरात असतो. ऑगस्टमध्ये सिल्व्हर सॅमन येतात. पुढे सॉकाय अंडी घालू लागले की रेनबो ट्राउट त्या अंड्यांवर तुटून पडतात, आणि तेव्हा अंड्यांसारख्या दिसणाऱ्या मण्यांवर मासा लागतो. म्हणजे काठी, गळ, फ्लाय, हातमोजे सारेच महिन्यागणिक बदलते. लॉजच्या आठ नंबरच्या काठ्या (नंबर जितका मोठा, तितकी काठी दणकट) जुलैतल्या सॉकायसाठी अगदी योग्य होत्या. सप्टेंबरच्या ट्राउटसाठी जाणाऱ्याने मात्र सहा नंबरची काठी मिळेल का, हे लिहून विचारावे.

औषधांचा उल्लेख कुठेच नाही, आणि ही गोष्ट लॉजने तातडीने सुधारायला हवी. धुके उतरले की फ्लोटप्लेन उडत नाही आणि परतीचा दिवस पुढे ढकलला जातो, म्हणून रोजची औषधे तीन-चार दिवसांची जास्त घेऊन ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. रात्री जनरेटर बंद होतो, हे आम्हाला तिथे पोहोचल्यावर कळले. झोपेत श्वासासाठी यंत्र लावणाऱ्यांनी याची चौकशी आधीच करावी. पॉवर बँक घेतल्यास ती चेक-इन सामानात चालत नाही, आणि १०० वॉट-तासांपर्यंतचीच घ्यावी.

शेवटचे पान परत न्यायच्या माशांचे आहे. लॉज तुकडे हवाबंद करून गोठवते आणि मेणाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून देते. हे काम त्यांनी नीटनेटके केले, खोक्यांवर नावेसुद्धा घातली. अँकरेजला रात्र काढावी लागली तर ती खोकी कुठे ठेवायची, हे मात्र आपले आपण पाहायचे असते, त्यामुळे हॉटेलचे आरक्षण करतानाच त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी फ्रीझर आहे का ते विचारून घ्यावे.