साखर पेठेतली बांधणी आणि अझरुद्दीनची कात्रणे

सोलापूरच्या साखर पेठेत हाताने पुस्तकबांधणी करणारे एक जुने दुकान आहे. हाती आधीच झेपेल त्याहून अधिक काम असल्याने दुकानाचे नाव कोठे छापू नये अशी मालकांची विनंती होती आणि ती मी मान्य केली आहे. कन्ना चौकाच्या बाजूने आत शिरून बाइंडिंगवाले कोठे बसतात असे विचारले, तर कोणीही दाखवील. भारताचा माजी क्रिकेट कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन याच्या कारकिर्दीवरील माझा कात्रणसंग्रह मी तेथे बांधून घेतला. जुनी कागदपत्रे, वह्या किंवा कात्रणे घरात जपून ठेवलेल्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव सविस्तर लिहीत आहे.

संग्रहाची सुरुवात मी नववीत असताना झाली. ३१ डिसेंबर १९८४ रोजी ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध सुरू झालेल्या कसोटीत अझरुद्दीनने पदार्पण केले आणि पहिल्याच डावात ११० धावा काढल्या. पुढे मद्रासला १०५ आणि कानपूरला १२२. पहिल्या तीनही कसोटींत शतक करणारा तो एकमेव फलंदाज, आणि तो मान आजही त्याच्याकडेच आहे. आमच्या वर्गातील निम्मी मुले पूर्व भागातील तेलुगु घरांतली होती, त्यांच्यापैकी बहुतेकांचे मामा-काका हैदराबादेत असत, त्यामुळे हैदराबादचा हा मुलगा आम्हाला घरचाच वाटे. ‘संचार’मधील, मुंबईहून येणाऱ्या दैनिकांतील आणि पुढे ‘एकच षटकार’ या क्रिकेटच्या नियतकालिकातील मिळेल तो मजकूर मी कापून शाळेच्या वह्यांत चिकटवीत गेलो, आणि शिक्षक म्हणून नोकरीला लागल्यावरही ते थांबवले नाही.

मार्च २००० मध्ये बंगळुरूला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने १०२ धावा केल्या, ते वह्यांतील शेवटचे कात्रण. पुढच्याच महिन्यात, ७ एप्रिलला, दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि सट्टेबाज यांच्यातील दूरध्वनी संभाषण उघड केले, आणि सामनानिश्चितीच्या त्या प्रकरणात पुढे अझरुद्दीनचेही नाव आले. त्यानंतरची कात्रणे मी कापली जरूर, पण चिकटवण्याचे धैर्य झाले नाही. ती एका खाकी पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, आणि २०१२ पर्यंत त्या पाकिटात भर पडत राहिली, तरी ते उघडून वाचले कधीच नाही. दुकानात गेलो तेव्हा माझी मागणी स्पष्ट होती: वह्यांचा एक खंड आणि पाकिटाचा दुसरा. एक खेळाचा, एक आरोपांचा. पहिला दिवाणखान्यात ठेवायचा आणि दुसरा होता तेथेच.

मालकांनी ताबडतोब होकार दिला नाही. त्यांनी वहीतील एका कात्रणाचा कोपरा दोन बोटांत धरून हलकेच वाकवला; तो बिस्किटासारखा मोडला. वृत्तपत्राचा कागद आम्लामुळे आतून जळत जातो, शाळेच्या वहीचा कागदही तसलाच, आणि वरून मी वापरलेल्या डिंकाने त्यावर तपकिरी डाग पाडले होते. लॅमिनेशन करून द्या असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी ते साफ नाकारले, कारण प्लॅस्टिकमध्ये कोंडलेला कागद पुन्हा कधी सोडवता येत नाही. शहरात इतरत्र दोन ठिकाणी मी चौकशी केली होती आणि दोन्हीकडे लॅमिनेशनचाच आग्रह झाला होता. गिऱ्हाईकाला हवे तेच करून पैसे घेणे सोपे असते, म्हणून या नकाराचे मोल मला अधिक वाटते.

कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. वहीची पाने ओलसर फडक्याखाली ठेवून डिंक सैल करतात आणि कात्रण बोथट पात्याने सावकाश उचलतात. मग जाड लेजर कागदावर ते फक्त वरच्या कडेने चिकटवतात, म्हणजे पुढे कधी काढायचे झाले तर फाटणार नाही. त्यासाठी मैद्याची खळ घरीच शिजवतात आणि कसर लागू नये म्हणून तीत थोडा मोरचूद घालतात. चिकटवह्या फुगतात आणि पुढून उघड्या पडतात, हे ज्यांनी त्या केल्या आहेत त्यांना ठाऊक असेल. येथे पाठीकडच्या बाजूला दर दोन पानांमागे जाड कागदाची अरुंद पट्टी शिवतात, त्यामुळे कात्रणांची जाडी भरून निघते आणि ग्रंथ मिटला की सपाट बसतो. शिवण दोऱ्याची आणि हाताची. पुठ्ठ्यावर रेक्झिनऐवजी जाड सुती कापड घ्या असे त्यांनीच सुचवले. कापडाच्या शहरात राहून पुस्तकाला प्लॅस्टिकचा अंगरखा का घालावा, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

कामाला सुरुवात झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला म्हणून गेलो, तर वह्या आणि पाकीट दोन्ही रिकामे करून सगळी कात्रणे त्यांनी एका लांब फळीवर मांडली होती. दोन खंड केले तर दुसरा फार बारीक होईल आणि त्याची पाठ उभी राहणार नाही, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, “सर, एकच खंड करायचा तर छापल्याच्या तारखेनं लावू, का घडल्याच्या तारखेनं?”

हा प्रश्न बांधणीचा होता, पण माझ्यासाठी तो त्याहून मोठा ठरला. डिसेंबर १९९६ मध्ये कानपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिसरी कसोटी झाली. अझरुद्दीनने दुसऱ्या डावात नाबाद १६३ धावा केल्या आणि भारताने २८० धावांनी सामना जिंकला. त्या डावाचे कात्रण वहीत होते. पाकिटात जून २००० चे कात्रण होते, त्यात दक्षिण आफ्रिकेतील चौकशी करणाऱ्या किंग आयोगापुढे क्रोनिएने दिलेली साक्ष होती: त्याच कानपूर कसोटीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अझरुद्दीनने आपली मुकेश गुप्ता या सट्टेबाजाशी ओळख करून दिली आणि त्याच्याकडून आपण ३०,००० डॉलर घेतले. अझरुद्दीनने आरोप नाकारले. घडल्याच्या तारखेने लावायचे तर नाबाद १६३ आणि ही साक्ष समोरासमोर येणार होती. त्या दिवशी मैदानात आणि हॉटेलच्या खोलीत काय काय घडले म्हणतात, ते एकाच नजरेत.

बराच वेळ मी फळीजवळ उभा होतो. शेवटी छापल्याच्या तारखेने लावा असे सांगितले, आणि तो निर्णय योग्य होता असे आजही मानतो. १९९६ मध्ये तो डाव ज्यांनी पाहिला, त्यांच्या हाती तेव्हा साक्ष नव्हती. ती आधी ठेवणे म्हणजे त्या दिवशीच्या आनंदाला मागाहून खोटे ठरवणे. त्याचबरोबर साक्ष वेगळ्या पाकिटात ठेवणे हेही खोटेच होते, आणि ते मी इतकी वर्षे केले होते. मालकांनी त्यावर स्वतःहून एक तोड काढली: कानपूरच्या पानाच्या समासात साक्षीच्या पानाचा क्रमांक पेन्सिलीने लिहिला आणि तिकडे इकडचा. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

तयार ग्रंथ वाचताना या क्रमाचे महत्त्व कळते. नोव्हेंबर १९९६ मध्ये ईडनवर त्याने ७४ चेंडूंत शतक केले, दक्षिण आफ्रिकेच्या क्लुझनरला ओळीने पाच चौकार मारले, आणि ती कसोटी भारत ३२९ धावांनी हरला. जानेवारी १९९७ मध्ये केपटाउनला सचिन तेंडुलकरसोबत २२२ धावांची भागी झाली, त्यात अझरुद्दीनच्या ११५. दोन-चार पाने उलटली की त्याच वर्षी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवलेल्या सामनानिश्चितीच्या चौकशीची बातमी येते, त्या चौकशीत पुरावा न आढळल्याची बातमी येते, आणि मग पुन्हा खेळ सुरू होतो. ही चौकशीची कात्रणे मी त्या काळीच वहीतून काढून ठेवली होती, हे मला फळीपाशी उभा राहीपर्यंत आठवतही नव्हते. पाकिटात टाकण्याची सवय २००० च्या आधीची होती तर.

२००० साल ग्रंथात सर्वाधिक पाने घेते. क्रोनिएचा आधी इन्कार, मग कबुली, सीबीआयचा अहवाल, त्यानंतर क्रिकेट मंडळासाठी माधवन यांनी केलेली चौकशी, आणि ५ डिसेंबरला मंडळाने अझरुद्दीन आणि अजय शर्मा यांच्यावर घातलेली आजीव बंदी, अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची. एका कात्रणात फक्त आकडे आहेत: ९९ कसोटी, ६,२१५ धावा, २२ शतके, ३३४ एकदिवसीय सामने, ९,३७८ धावा. शंभरावी कसोटी राहिली ती राहिलीच. शेवटी नोव्हेंबर २०१२ चे कात्रण आहे: ही बंदी कायद्यापुढे टिकणारी नाही, असा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल. तो वाचून कोणी म्हणेल की सगळे धुऊन निघाले, कोणी म्हणेल की निकाल फक्त मंडळाच्या कारवाईपुरता. मला दोन्ही म्हणणी घाईची वाटतात. त्याच्या मनगटातून चेंडू लेग साइडला ज्या सहजतेने जाई, तसे दुसऱ्या कोणाचे मी पाहिले नाही, आणि २००० सालच्या त्या पानांवरून हात फिरवताना आजही घसा दाटतो. या दोन्ही गोष्टी आता एकाच पुठ्ठ्यात आहेत.

उणिवा सांगणे आवश्यक आहे. दहा दिवसांचा वायदा होता, काम एकोणीस दिवसांनी मिळाले. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कडा कापताना यंत्र किंचित आत गेले आणि चार कात्रणांची उजवी कड छाटली गेली. त्यांपैकी लॉर्ड्सवरील १९९० च्या १२१ धावांच्या धावफलकात धावांचा रकानाच अर्धा गेला आहे. मालकांनी चूक लगेच मान्य केली, कापलेली पट्टी कचऱ्यातून शोधून काढली आणि ती मागच्या बाजूने जोडून दिली, तरी सांधा दिसतो. याउलट सोनेरी अक्षरांच्या बाबतीत त्यांची दक्षता वाखाणण्याजोगी होती. निम्म्या वृत्तपत्रांत ‘अझरुद्दीन’ आणि निम्म्यांत ‘अझहरुद्दीन’ असे छापलेले पाहून त्यांनी ठसा उमटवण्यापूर्वी दोन्ही नावे कागदावर काढून माझी सही घेतली.

खर्च असा आला: १४० पानांवर कात्रणे बसवण्याचे पानाला ८ रुपयांप्रमाणे १,१२०, शिवण आणि कापडी पुठ्ठ्याचे ७५०, सोनेरी अक्षरांचे १३०, एकूण २,००० रुपये. एवढ्या हातकामाला हा दर मला अतिशय वाजवी वाटतो. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते. जाणाऱ्यांनी कात्रणांच्या मागे पेन्सिलीने तारीख आधीच लिहून न्यावी, क्रम कसा हवा तो घरी ठरवून जावे, आणि कडा कापायच्या दिवशी वेळ विचारून घेऊन स्वतः यंत्राजवळ उभे राहावे.